हैमाच्या पंपावर अडकलेला प्लग

आखातातल्या आमच्या माबेलाहून सलालाह रस्त्याने साधारण हजार किलोमीटर. विमानाने जेमतेम दीड तास. मग दोन दिवस गाडी हाकत जायचं खूळ कशाला, असं ऑफिसात प्रत्येकाने विचारलं. कारण बाबा, दर हिवाळ्यात गावाहून माझ्याकडे येतात. तरुणपणी ते इथे पाइप फिटर होते, अकरा वर्षं सलालाहला काढली, आणि तो रस्ता त्यांना मला दाखवायचा होता. आता त्यांना लघवीची नळी बसवली आहे. दिवसातून दोनदा कोमट, स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं. म्हणून आमची सेकंड हँड कॅम्पर व्हॅन काढली, तिच्यात बाथरूम आहे, गरम पाण्याची टाकी आहे. निदान असं मला वाटत होतं.

डिसेंबरातल्या पहाटे निघालो. निझवापर्यंत डोंगर सोबत असतात, आदम सोडलं की काहीच नाही. रस्ता उत्तम, पण पंप दिसला की डिझेल भरून घ्याच, पुढच्याची वाट बघू नका. आदमच्या चहाच्या टपरीवर पराठा-ऑम्लेट आणि करक, म्हणजे इथला दुधाळ कडक चहा, दोघांचं मिळून रियालभरात. बाबा खिडकीतून बघत होते. "एवढा रुंद नव्हता गं रस्ता," असं त्यांनी पाचदा तरी सांगितलं. मला झोप येत होती. वर्षअखेरची कामं उरकून आले होते, आणि खरं सांगायचं तर सुट्टी घेऊन घरी नुसतं पडून राहावं असं वाटत होतं.

दुपारी हैमा आलं. पंपामागे व्हॅन लावली, गरम पाण्याचा नळ सोडला आणि सडक्या अंड्यांचा वास भप्पकन नाकात शिरला. वर्षभर व्हॅन दारात उभी होती आणि टाकी रिकामी करायचा मी कंटाळा केला होता. आता रिकामी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण ते पाणी सगळ्याच नळांत उतरत होतं. पाच दिवस बाटल्यांवर काढणं शक्य नव्हतं. टाकी धुतली गेली नाही तर इथूनच मागे फिरायचं, एवढं सरळ होतं.

बाहेरचं झाकण उघडलं. टाकीच्या तळाला प्लास्टिकचा छोटा प्लग असतो, तो काढला की पाणी जातं. हा प्लग गेल्या वर्षी बाबांनीच बसवला होता. पुस्तकात लिहिलं होतं, टेफ्लॉन टेप लावा, हाताने बसवा, वर पान्याने जरासा आवळा. पण बाबांच्या पिढीचा फिटर सुतळी आणि सफेद्याच्या पांढऱ्या लेपाशिवाय पाइपाच्या आट्यांना हात लावत नाही. सुतळी गुंडाळली, सफेदा फासला आणि लोखंडी पाइप आवळावा तसा तो आवळला. "थेंब गळला तर नाव बदलीन," म्हणाले होते.

"सरक बाजूला, मी काढतो," म्हणत त्यांनी पाना घेतला. पाना तीनदा घसरला. हात थरथरत होता. गेल्या वर्षी स्वतःच आवळलेला प्लग यंदा त्यांना ऐकेना, आणि ते मला बघवेना. म्हणून मी चिडले.

"करा आता त्या थेंबाचं कौतुक!" असं बोलून पाना हिसकावला आणि अंगातला सगळा जोर लावला. कट्. प्लगचं डोकं माझ्या हातात, बाकीचा पोकळ तुकडा आत, पाणी अडवून बसलेला. अठरा वर्षं इंजिनियर म्हणून पगार घेतेय मी!

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मागे फिरा. विमानाने जाऊ कधीतरी." स्पीकर चालू होता. बाबा व्हॅनच्या पायरीवर बसले होते.

"फीर मागे," ते म्हणाले. "माझ्यापायी तुला नसता ताप."

मला इतकं वाईट वाटलं, की मी पंपाच्या संडासात जाऊन रडून आले. परत आले तर बाबांनी हत्यारांची पेटी उघडली होती.

"करवतीचं पातं आहे. जोर नाही लागत याला, वेळ लागतो. अडकलेल्या तुकड्याला आतून दोन खाचा पाड. टाकीच्या आट्यांना पातं लागलं की खलास, टाकी भंगारात."

तासभर मी घासत होते. दर चार-पाच घासांनी बाबा बोट घालून चाचपत. "थांब. अजून केसभर." बोट मात्र थरथरत नव्हतं. शेवटी स्क्रूड्रायव्हर टेकवून हातोडीने टिचकी मारली, तुकडा आत वळला आणि पिवळं, घाण पाणी भसकन माझ्या बुटांवर आलं. बाबा इतके हसले की खोकला लागला.

पलीकडच्या हार्डवेअरवाल्या बांगलादेशी भाईकडे अर्ध्या इंचाचा प्लग मिळाला. टाकी चारदा धुतली.

"आता हातानेच ना?" असं विचारून बाबांनी टेप लावून तो बसवला. पुढच्या थांब्यावर बघितलं तर टपटप गळत होता. ते चहा पीत असताना मी मागे जाऊन पान्याने पाव फेरा दिला. त्यानंतर प्रत्येक पंपावर मी पाना घेऊन बघत राहिले.

सलालाहला शहाळं प्यायलो. बाबांची लेबर कॅम्पची जागा सापडली, तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. नारळाच्या बागेची भिंत मात्र होती. "शुक्रवारी सुट्टी असायची, इथे बसून तुला पत्र लिहायचो," म्हणाले. त्या भिंतीला टेकून आम्ही बराच वेळ बसलो. दोघंही दमलो होतो.

घरी येऊन चार दिवस झाले, कंबर अजून धरलेली आहे. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, फक्त व्हॅन उभी करण्याआधी टाकी रिकामी करा. काल बाबा गावी परतायची बॅग भरत होते.

"प्लग गळला नाही ना?"

"थेंबसुद्धा नाही, बाबा."

"मग दर पंपावर पाना घेऊन मागे कशाला जात होतीस?"

त्यांनी बॅगेतून सुतळीचं बंडल काढून माझ्या हातात दिलं.

"राहू दे तुझ्याकडे. प्लास्टिकला लावू नकोस."