दाजींच्या बुटातला खडा

माझ्या बहिणीचे यजमान, दाजी, रोज टेकडी चढताना पाण्याच्या टाकीपाशी थांबून बुटातला खडा काढायचे. गेल्या आठवड्यात तो त्यांना खालच्या देवळापाशीच टोचू लागला, आणि आज पायथ्याशी.

"दाजी, खडा तुमच्या पाळतीवर आहे की काय?"

ते हसले नाहीत. "खडा नाही रे. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. थांबलं की उठून जातं."

चढावर हृदयाला रक्त जास्त लागतं आणि अरुंद झालेली नळी ते पुरवू शकत नाही. सकाळी सगळ्यांचे नळ सुटले की आमच्या वरच्या मजल्यावर करंगळीएवढीच धार येते, तसं. एवढं मला कळत होतं. भीती वाटली ती अंतराची. टाकी, देऊळ, पायथा. ते जे काही होतं, ते टेकडी उतरून घराकडे निघालं होतं.

"घरी कधी झालंय का?" मी विचारलं.

"आज चहा पिताना. बसल्या जागी."

मी त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि अँब्युलन्सला फोन लावला.  मग शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसे दाजी किंचित सरकले.