शिवेवर टाकलेली आई

त्या दिवशी मी मरीआईला जे बोलले, ते देवाला कुणी बोलू नये. पण मी बोलले, आणि ते शब्द मागे घ्यावेत असं मला आजही वाटत नाही.

मी जव्हारला एका कचेरीत कारकून आहे. आई सूर्यमाळच्या बाजूला आमच्या पाड्यावर एकटीच राहते. भात, नागली, दोन शेळ्या आणि मरीआईची पूजा, एवढंच तिचं जग. भातकापणी चालू असताना चुलतभावाचा फोन आला. आई तापाने फणफणली होती आणि तिच्या जांघेत गाठ आली होती. मी निघते म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, तू येऊ नको. प्लेग आहे. काकीला आम्ही बाहेर ठेवलंय."

त्याच सुमाराला पाड्यावर उंदीर मरून पडले होते. आधी उंदीर पडतात, मग माणसांना गाठी येतात, हे म्हाताऱ्यांनी आपल्या आज्याकडून ऐकलेलं होतं. मीही आजीकडून ऐकलं होतं. पण आजी सांगायची त्या गोष्टीत अख्खा गाव घरं सोडून रानात राहायला गेला होता. इथे गाव घरात राहिला आणि एक म्हातारी रानात गेली.

पोचले तेव्हा आई शिवेजवळच्या राखणीच्या खोपटात पेंढ्यावर पडली होती. पाण्याचा तांब्या दाराबाहेर ठेवलेला, तिचा हात पोचणार नाही इतका लांब. मला बघून ती पुटपुटली, "जवळ नको येऊस." मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. चुलतभाऊ तोंडाला रुमाल बांधून लांब उभा होता. मी जीप बोलवायला सांगितली, तर म्हणाला, "जीपवाला येत नाही. आणि काकीला पाड्यातून न्यायचं नाही, असं ठरलंय." आमच्या बाजूचा रस्ता पाड्यातूनच जातो. शिवेवर फोनला रेंज नव्हती.

खोपटाच्या वरच्या अंगाला, शिवेवर, मरीआईचा शेंदूर लावलेला दगड आहे. दरवर्षी आमचा पाडा टोपलीत नारळ, बांगड्या, खण ठेवतो आणि ती टोपली वाजतगाजत शिवेपलीकडे सोडून येतो, म्हणजे रोगराई पुढच्या गावाला जाते. टोपलीतला नैवेद्य आईच रांधायची. मी त्या दगडासमोर उभी राहिले आणि जीव तोडून ओरडले, "हिने तुला जन्मभर खाऊ घातलं. हिला घरातून काढताना तू कुठे होतीस? दगडच आहेस तू! नुसता दगड!" हात जोडायचं मनातही आलं नाही.

"कोनाला बोलतेस एवढी, बाय?"

शिवेच्या पलीकडे डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई उभी होती. मी काहीच लपवलं नाही. ताप, गाठ, प्लेगचं नाव, सगळं सांगितलं. ऐकून तीही पळेल, असं मी धरूनच चालले होते. तिने मोळी खाली टाकली.

"तुमचा पाडा दरसाल मरीला आमचे शिवेवर सोडून जातो. आमी तिला नारळ फोडतो, ठेवून घेतो. मंग जित्या मान्साला नाय ठेवायचा?"

तिचं नाव जानूबाई. ती गेली आणि नवऱ्याला, दिराला घेऊन आली. बांबूला गोधडी बांधून त्यांनी डोली केली. जानूबाईने ओंजळीने आईला पाणी पाजलं. मग शीव ओलांडून, त्यांच्या गावातून, उघड्या दारांसमोरून आम्ही आईला सडकेवर आणलं. एकाही घराने दार लावलं नाही. एका म्हातारीने तर आईच्या पायावर घालायला कांबळं दिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी आईला वेगळ्या खोलीत ठेवलं, रक्त तपासायला घेतलं, आणि तपासता तपासता गुडघ्यामागे एक काळी खपली दाखवली. गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप होता तो. गाठही त्यानेच आलेली. पुढे रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. मी भावाचं म्हणणं सांगितलं तशा त्या चिडल्याच. "प्लेग असता तरी काय? आज त्याला औषध आहे. वेळेवर दिलं तर माणूस वाचतो. वेगळं ठेवायचं ते इथे, रानात नाही." उंदीर मेले होते ते कुणीतरी भाताच्या कणगीपाशी टाकलेल्या विषाने, हे नंतर कळलं.

जानूबाईला मरीआईनेच पाठवलं, असं आई म्हणते. मी वाद घालत नाही. माझ्या शिव्या ऐकून कुणीतरी आलं, एवढं मला ठाऊक आहे. त्या माउलीचं आणि तिच्या घरच्यांचं ऋण मनात आहे आणि ते तसंच राहू दे.

आई घरी आल्यावर पाड्यातली माणसं नारळ घेऊन आली. "देवीची कृपा," म्हणाली. मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. आईच भिंतीला धरून उठली, चुलीवर चहा ठेवला आणि चुलतभावाला म्हणाली, "बस रे. कापणी उरकली का?"

मला ते बघवेना. मी उठून शिवेवर गेले, दगडासमोर बसले. या खेपेला हात जोडले. म्हटलं, "आये, तिच्यासारखं माफ करणं मला जमत नाही. खोटं कशाला बोलू? हा राग माझ्याने टाकवत नाही आणि सांभाळवतही नाही. तुझ्या पायाशी ठेवते. त्याचं काय करायचं ते तू बघ."