मामींचा कडुनिंब आणि मामांचं लाल पेन

आमच्या हिच्या मामांइतक्या भक्तिभावानं सरकारी याद्या वाचणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा निघायचा नाही! देवगाव रंगारीला जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले, आणि तपासायला वह्या नाहीत म्हणून हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात कार्यालयांनी आपापली माहिती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली आणि मामांना रान मोकळं मिळालं. दिवे, हापसे, बाकडी, मिळेल ती यादी छापून आणायची, लाल पेन उघडायचं आणि मार्क द्यायचे. कोरा रकाना दिसला की पाच मार्क कट. एकच नोंद दोनदा आली की दहा. गुलमंडीतलं एक बाकडं असंच दोनदा नोंदलेलं निघालं, तर भर बाजारात त्याच्यावर ठाण मांडून, "जावईबापू, आता दुसरं हुडका बरं," म्हणून मला अर्धा तास फिरवलं! एका हापशाच्या अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली होती. मामांनी नकाशात बघितलं, तर हापसा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात. "पाणी लई गार लागत आसंल!" म्हणत इतके हसले की ठसका लागला.

हसू थांबलं ते झाडांची यादी आली त्या दिवशी. मामांच्या घराच्या फाटकापुढचा कडुनिंब तिच्यात नव्हताच. तो मामींनी लावलेला. मामींना जाऊन दोन वर्षं झालेली, आणि रस्ता तर रुंद व्हायचा होता. कार्यालयातले साहेब म्हणाले, "यादीत नाही ते झाड तोडायला परवानगी कशाला लागते?" मग काय विचारता! मामांनी खोडाला टेप गुंडाळून माप घेतलं, फोटो काढले, आणि रोज नवा अर्ज घेऊन कार्यालय उघडायच्या आधीच दारात हजर. शिपाई हसायचा, "आजोबा, झाड काय पळून चाललंय व्हय?"

"झाड नाय पळत, बाबा. करवत पळत येती."

शेवटी नवी यादी आली. कडुनिंब होता, पण दोनदा! मामांच्या अर्जांच्या गठ्ठ्यातला एकेक अर्ज दोघा कारकुनांनी उचलला असणार आणि दोघांनीही इमानदारीत नोंद केली असणार. मी उत्साहानं लाल पेन पुढं केलं. "मामा, दहा मार्क कट!"

मामांनी दोन्ही ओळींवरून हळूच बोट फिरवलं. "राहू द्या, जावईबापू. एकट्यानं उभं ऱ्हायला लई जड जातं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामांनी पेन घेतलं आणि त्या यादीला शंभरपैकी शंभर देऊन टाकले.