डब्यावरचा माग

चुडामण मागावरून सुटला त्या दिवशी त्यानं बायकोला, मथुराबाईला, एकच सांगितलं, "आता मला खटखट नको." उभा जन्म त्यानं इतवारा मोहल्ल्यात निंबाशेठच्या कापड कारखान्यात दोन माग एकट्यानं चालवले होते. कान अर्धे गेले होते. पण सुटूनही शांतता मिळाली नाही. घराची मागची भिंत आणि निंबाशेठच्या कारखान्याची भिंत एकच होती.

त्याच भिंतीला लागून पाळणा बांधला होता. त्यात गुड्डू झोपायचा. गुड्डू म्हणजे लेकीचा, लीलाचा मुलगा. लीला आणि जावई श्रीकांत लंडनजवळच्या एका गावात राहत. दोघांच्या नोकऱ्या, पाळ्या उलटसुलट. म्हणून पोरगं रांगायच्या आधीच आजी-आजोबांकडे आणून ठेवलेलं. माग चालू असले की तो गाढ झोपे. लाईट गेली, माग थांबले, की गल्लीतली सगळी लेकरं एकदम जागी होऊन रडत. त्यात गुड्डूचा आवाज वरचढ. इतवाऱ्यात याचं कुणाला नवल नव्हतं. लीलाही अशीच वाढली. शाळेत बाकावर बोटं वाजवते म्हणून तिनं मार खाल्ला होता, पण गल्लीतल्या निम्म्या पोरांना ती खोड होतीच.

आता लीलाला तिचा मुलगा हवा होता. आणि तिला भीतीही वाटत होती.

"आबा, तो येईल ना माझ्याकडे?" तिनं फोनवर विचारलं.

"न यायला काय झालं? दर रविवारी बघतो की तुला."

बघत होता, हे खरं. जवळच्या राजपुऱ्यातल्या कम्प्युटरच्या दुकानात रविवारी लीलाचा चेहरा पडद्यावर यायचा आणि अडकत अडकत बोलायचा. गुड्डू त्या पडद्याला "आई" म्हणायला शिकला होता. अडचण एवढीच, की तो सगळ्याच पडद्यांना आई म्हणे. शेजारी टीव्हीवर बातम्या लागल्या तरी आई.

मथुराबाईचे गुडघे कामातून गेलेले. न्यायचं काम चुडामणकडे आलं.

"दोन माग सांभाळले. एक पोरगं नाही सांभाळणार?" तो म्हणाला.

"माग मुतत नाही," मथुराबाई म्हणाली.

तिनं स्टीलच्या डब्यात गच्च दराबा भरला. लीलाला लहानपणापासून तीच मिठाई लागायची. डब्याला फडकं बांधता बांधता ती बोलली, "रडवून नेऊ नका त्याला. झोप झालेलं लेकरू नव्या माणसाकडे जातं. जागलेलं नाही जात. आणि खरं सांगा, तो तिच्याकडे गेलाच नाही, तुम्हालाच चिकटून राहिला, तर वाईट वाटेल का तुम्हाला?"

चुडामण बॅगेचा पट्टा आवळत राहिला. कान अर्धे गेल्याचा हा एक फायदा होता.

विमान दिवसाचं होतं. गुड्डूला दोन वर्षं पुरी झाली नव्हती, म्हणून त्याला वेगळी जागा नव्हती. तो मांडीवर बसणार होता आणि मांडीला कुणी काही विचारलं नाही. हवाई सुंदरीनं कागदावरचं नाव वाचून "अद्वैत, अद्वैत" अशा प्रेमानं हाका मारल्या. इतवाऱ्यात त्याला या नावानं कुणी हाक मारली नव्हती. हा कोण अद्वैत, म्हणून गुड्डूनंच मागं वळून पाहिलं.

शेजारी एक तरुण साहेब मांडीवर लॅपटॉप उघडून बसले. गुड्डूला आनंद झाला. "आई!" म्हणत त्यानं दोन्ही पंजे लॅपटॉपवर आपटले.

"अरे अंकल, संभालिए इसको! मेरा काम चल रहा है."

"माफ करना साहब. माँ समझता है उसको."

"किसको?"

"मशीन को."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. आई गेली म्हणून गुड्डूनं जो सूर लावला, तो थांबेना.

चुडामणनं कामाला हात घातला. दूध दिलं, त्यानं ते फेकलं. लंगोट बदलला, तोही अशा खोलीत जिथं एकटा माणूस वळला तर कोपर दाराला लागे. खांद्यावर घेऊन मधल्या वाटेनं फेऱ्या मारल्या. ढग दाखवले. लोक आधी कौतुकानं बघत होते. मग नुसते बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "भूक लागली असेल." मागून कुणी म्हणालं, "कान दुखत असतील." सल्ला द्यायला उठावं लागत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांनी दिला.

पोराचे डोळे झोपेनं लाल झाले होते, पण ते मिटत नव्हते. विमान एकाच सुरात घोंघावत होतं. त्या घोंघावण्यात ठोका नव्हता. चुडामण पुन्हा जागेवर बसला आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. हे रडणं त्यानं मागावर असताना, लाईट गेली की, भिंतीपलीकडून रोज ऐकलेलं होतं. घर सोडल्यापासून गुड्डूची लाईट गेलेली होती.

त्यानं खुर्चीच्या हातावर बोटाची हाडं आपटून पाहिली. ती गादी होती, आवाज नाही. समोरची फळी वाजवली. तिचा आवाज पोकळ. मग पायाशी ठेवलेला डबा उचलून त्यानं मांडीशी धरला आणि ठोकला. आत दराबा गच्च असल्यामुळे डबा झणझणला नाही. जाड, बसका आवाज आला. खट-खटाक. खट-खटाक.

गुड्डूनं रडणं अर्ध्यात सोडलं, ऐकलं, आणि त्याची मान खांद्यावर पडली.

काम सोपं दिसत होतं. पण जोर कुणालाही लावता येतो, एकसारखं मारणं अवघड. जरा हळू झालं की पोरगं चुळबुळे. जरा थांबलं की तोंड उघडे. उजव्या हाताची कातडी हुळहुळली तेव्हा चुडामणनं पोर उजवीकडे घेतलं आणि डावा हात लावला. जेवण आलं तसं परत गेलं. कारखान्यात जेवायला उठताना मागावर बदली माणूस उभा राहायचा. इथं बदली नव्हता. ज्या खटखटीला कंटाळून तो घरी बसला होता, ती आता तो स्वतःच झाला होता. आणि या मागाला लाईट जायची सोय नव्हती.

एकदा घाम पुसायला त्यानं हात थांबवला. गुड्डू हलला. शेजारचे साहेबही दचकून जागे झाले.

"बंद क्यों किया?" ते डोळे चोळत म्हणाले.

विमान उतरताना गुड्डू आपणहून उठला. ताजा, हसरा. कानांना दडे बसू नयेत म्हणून त्यानं चिमूटभर दराबा चघळला. चुडामणनं काम चोख केलं होतं.

बाहेर लीला उभी होती. धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. तिनं हात पुढं केले. गुड्डूनं आजोबांच्या मानेत तोंड लपवलं.

"गुड्डू, आई बघ. आई कुठंय?" चुडामण म्हणाला.

गुड्डूनं मान वर काढली, इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर विमानांच्या वेळांचा मोठा पडदा होता. त्याकडं बोट करून तो म्हणाला, "आई."

लीला हसली. ते हसू टिकलं नाही. "हे कुणी शिकवलं त्याला, आबा?"

"तूच. दर रविवारी."

चुडामणच्या मानेला पोराचा ऊन श्वास लागत होता. त्याला बरं वाटलं. बरं वाटलं आणि मथुराबाईचा प्रश्न या वेळी दोन्ही कानांनी ऐकू आला.

श्रीकांत गाडी आणायला गेला होता. लीलानं पोराला ओढलं नाही. ती सामानाच्या ढकलगाडीचा दांडा धरून खाली बघत उभी राहिली. थोड्या वेळानं तिची बोटं दांड्यावर वाजायला लागली. खट-खटाक. खट-खटाक. तिला ते ठाऊकही नव्हतं.

चुडामणचा हात डब्यावर होता. एक ठोका दिला असता तर पोरगं त्याच्याकडे वळलं असतं. त्यानं डबा हळूच ढकलगाडीत ठेवला.

गुड्डूनं आधी पडद्याकडे पाहिलं. त्यातून आवाज येत नव्हता. मग त्यानं लीलाच्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे. मग तो वाकला आणि सगळा भार तिच्यावर टाकला. लीलानं त्याला खांद्यावर घेतलं. दांड्यावरचा हात त्याच्या पाठीवर आला आणि तिथंही तसाच वाजत राहिला.

श्रीकांत आला. वाकून पाया पडला. "आबा, प्रवासात फार त्रास झाला का?"

चुडामणनं हुळहुळणारे दोन्ही हात खिशात घातले.

"त्रास कसला? बसूनच तर होतो."