सुरू व्हायला सात मिनिटं

टोनकाकांचा संगणक सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. बटण दाबलं की आधी पंखा घरघरायचा, मग आतली हार्ड डिस्क म्हाताऱ्या माणसासारखी खाकरायची, मग पडद्यावर गोल चक्र यायचं आणि फिरतच बसायचं. दुसऱ्या कुणी वैतागून ते धूड कधीच भंगारात घातलं असतं. काकांना मात्र ही सात मिनिटं फार प्रिय होती, कारण तेवढा वेळ त्यांची मुलगी फोनवर असायची.

मुलगी दूर, दुसऱ्या देशात. सहा वर्षांपूर्वी, आई गेली त्या वर्षी, तिनेच हा संगणक घेऊन दिला आणि जाताना अशी सोय करून गेली की काही अडलं तर तिला इंटरनेटवरून तिकडूनच या संगणकात शिरता यावं. काका फोन करायचे आणि म्हणायचे, "अगं, हे पुन्हा अडकलंय." ती म्हणायची, "बंद करून परत सुरू करा, मी आहे फोनवर." संगणक पुरता सुरू झाल्याशिवाय तिला आत येता येत नसे, त्यामुळे थांबणं दोघांनाही भाग होतं. मग ती विचारायची, जेवलात का, गुडघा काय म्हणतोय, खालच्या मजल्यावरच्या बाई अजून भांडतात का. काका सगळं सविस्तर सांगायचे. पडदा एकदा उजळला की तिच्या माउसचा बाण त्यावर इकडून तिकडे पळू लागायचा आणि बोलणं "हं, हं" एवढ्यावर यायचं. काम झालं की ती फोन ठेवायची.

यात काकांची एक लबाडी होती, ती सांगून टाकलेली बरी. त्यांना हे सगळं येत होतं. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. रिसीव्हर कानाला लावून नुसत्या टोनवरून बिघाड कुठल्या गल्लीत आहे ते सांगायचे, म्हणून तर टोनकाका हे नाव पडलं. शेवटची दहा वर्षं तिथले संगणकही त्यांनीच सांभाळले; घरी कामाचं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. पण लेकीपुढे ते साळसूदपणे विचारत बसायचे, "कुठलं बटण म्हणालीस? डावीकडचं का?" मनाची समजूत त्यांनी अशी घातली होती, की आपण खोटा बिघाड आजवर एकदाही सांगितलेला नाही. बिघाड खरेच असत. आपण ते फक्त दुरुस्त करत नाही, एवढंच.

आणि जुनी डिस्क असेपर्यंत खऱ्या बिघाडांना तोटा नव्हता. कधी महिन्यातून दोनदा, अलीकडे तर आठवड्याला. एका रविवारी मुलगी आत शिरली, तिने कसलासा अहवाल उघडून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, ही डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. मी नवी पाठवते. पुन्हा पहिल्यापासून सगळं भरत बसायला नको, सिस्टिमसकट सगळं आहे तसं उचलून नव्या डिस्कवर नेऊ."

"कशाला उगाच," काका म्हणाले. "चालतंय की."

"एक दिवस अचानक बंद पडेल, मग रडायची वेळ येईल."

नवी डिस्क चार दिवसांत आली. काकांनी ते पाकीट पाच दिवस फोडलं नाही. टेबलावरून कपाटात ठेवलं, कपाटातून पुन्हा टेबलावर आणलं. शेवटी मुलीनेच शनिवार ठरवला.

शनिवारी सकाळी काकांनी संगणकाचं झाकण उघडलं, जुन्या डिस्कशेजारी नवी जोडली आणि मुलीने सांगितल्याप्रमाणे पेन ड्राइव्हवरून नक्कल करायचा प्रोग्राम सुरू केला. मुलगी फोनवर होती. "आज नेहमीची सिस्टिम बंद, म्हणून मला आत येता येणार नाही हं. तुम्हीच माझे डोळे," ती म्हणाली.

पडद्यावर दोन चौकोन आले. एकावर लिहिलं होतं 'कुठून', दुसऱ्यावर 'कुठे'. दोन्ही डिस्क सारख्याच आकाराच्या, नावाला नुसते नंबर. इथे अदलाबदल झाली की रिकाम्या डिस्कचं रिकामपण भरलेल्या डिस्कवर चढतं आणि होतं नव्हतं ते पुसलं जातं. भल्याभल्यांच्या हातून हे झालेलं काकांनी पाहिलं होतं. त्यांच्या मनात आलं, आपल्याही हातून झालं तर? म्हाताऱ्या माणसाला कोण बोल लावणार? मग तिला सगळं नव्याने बसवून द्यावं लागेल. पंधरा दिवस तरी जातील. रोज फोन येईल. त्यांचं बोट माउसवर थांबलं. पंधरा दिवस रोज तिचा आवाज ऐकायला मिळणार असेल तर एक डिस्क म्हणजे काहीच नव्हतं.

पण एक्स्चेंजमध्ये एक पद्धत होती. तार जोडण्याआधी दोन्ही टोकं मोठ्यानं वाचायची, दोनदा. चौतीस वर्षांत काकांनी ती एकदाही चुकवली नव्हती, आणि आज त्यांना काही कळायच्या आत हात आणि तोंड आपोआप चालू झाले. "कुठून, एक नंबर, जुनी, भरलेली. कुठे, दोन नंबर, नवी, कोरी. नवीची वायर काढून बघितली, दोन नंबर यादीतून गेला. परत जोडली, परत आला. पुन्हा वाचतो."



"बाबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. नोकरीत असंच करायचो."

"आणि मी इतकी वर्षं उगाच काळजी करत बसले," ती हसली. "तुम्हाला तर सगळं जमतं." तिच्या आवाजात सुटका झाल्याचा भाव होता. त्यांनी 'सुरू करा' दाबलं. झालं की कळवा, म्हणून तिने फोन ठेवला.

एकसष्ट टक्क्यांवर नक्कल अडली. डिस्क खटखट करू लागली. नुसतं हातावर हात ठेवून बसले असते तरी ती तासाभरात मेली असती, आणि तो अगदी खरा बिघाड झाला असता. काका उठले, टेबलपंखा आणून तिच्यावर लावला, ती गार झाल्यावर प्रोग्रामला खराब जागा वगळून पुढे न्यायला सांगितलं आणि टक्के मोजत बसले. साडेचारला शंभर झाले. इतकं मन लावून काम त्यांनी निवृत्तीनंतर केलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना स्वतःवर राग आला.

रविवारी अकराला मुलीचा फोन आला. काकांनी खुर्चीवर उशी टाकून बैठक जमवली होती, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता.

"दाबा बटण," ती म्हणाली. "मग, काय म्हणताय?"

"अगं, ती खालची बाई आहे ना, ती परवा अचानक..."

पडदा उजळला. सगळी चित्रं जागच्या जागी होती.

"आला का पडदा?"

"आला."

"काय सांगता! किती वेळ लागला?"

"अकरा सेकंद."

तिचा बाण दोन-तीन ठिकाणी फिरून आला. "झकास झालंय. आता पाच-सात वर्षं बघायला नको. चला, ठेवते मग."

"थांब," काका म्हणाले.

"का? काय बिघडलं?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. काहीतरी सापडेल म्हणून अगदी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. घड्याळ बरोबर होतं, माउस सुरळीत चालत होता, नव्या डिस्कचा तर श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. त्यांना म्हणायचं होतं, मला एकट्याला करमत नाही, तू थोडा वेळ बोल. असं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी कुणाला म्हटलं नव्हतं आणि त्याची सुरुवात कुठून करायची ते त्यांना येईना. या वेळी खरोखरच येत नव्हतं.

"बाबा? काय बिघडलंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "सगळं नीट चालतंय."

"मग छान," म्हणून तिने फोन ठेवला. पडद्यावरच्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.