कार्तिकातल्या आंबट स्ट्रॉबेऱ्या

आमच्या घरी देवाला दाखवल्याशिवाय कुठलंही फळ चाखायचं नाही. एक जरी तोंडात टाकलं तरी सगळी टोपली उष्टी. कुंभकोणमला हा नियम पाळणं फारसं जड जात नाही, कारण इथलं केळं चाखून बघायची गरजच पडत नाही. मला गोत्यात आणलं ते स्ट्रॉबेरीनं.

सासूबाईंचे भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेले आणि लग्नही तिथल्याच मुलीशी करून बसले. ही भावजय दोनेक वर्षांनी आमच्याकडे येते आणि आमची मराठी ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते. "असं आता कोणी बोलत नाही हो, वन्सं!" आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांबरोबर मराठी घेऊन इथे तमिळ मुलखात आले ते पुन्हा बदलून आणायला गेले नाहीत, त्याला आम्ही काय करणार? मागच्या खेपेला तिनं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं असं काही गुणगान केलं की सासूबाईंच्या ते मनाला लागलं. यंदा ती येणार म्हटल्यावर त्यांनी मला हुकूम सोडला, "स्ट्रॉबेरी आण. इथंही अस्कं मिळतं, कळूं दे तिज." अस्कं म्हणजे आमच्या बोलीत सगळं. भावजयीपुढे मान खाली जायला नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण दिवस कार्तिकातले, म्हणजे आमच्याकडे ऐन पावसाचे. फळवाल्यानं प्लास्टिकचे डबे पुढे केले. डोंगरावरून आलेला पहिला माल. वरच्या थरातली फळं लालचुटुक, खालची देठाकडे पांढरी, दोन-चार पावसानं मऊ पडलेली.

"पोंगल होऊ दे अम्मा, मग गोड येतील," तो तमिळमध्ये म्हणाला. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होते. पण पाहुणी उद्या यायची होती, पोंगलला नव्हे. मी दोन डबे घेतले.

रिक्षात बसले आणि हात आपोआप डब्यात गेला. खोटं कशाला सांगू, वास फार छान होता. एक खाल्ली. तिच्यापेक्षा चिंच बरी!

आता पंचाईत अशी की फळ आंबट आहे हे सांगायचं तर चाखलं हेही कबूल करावं लागणार. मग आधी माझा उद्धार, आणि पाठोपाठ दोन्ही डबे उकिरड्यावर. न सांगावं तर उद्या पाहुणीचं वाकडं तोंड सासूबाईंनी बघायचं. मला माझीच लाज वाटली, पण घरी आल्यावर चाखल्याचं न सांगताच दोन्ही डबे त्यांच्या हाती दिले.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला, पाहुणी जेवायला बसली. ताज्या फळांची बशी कधी येते म्हणून मी जीव मुठीत धरून उभी, तर सासूबाईंनी तिच्या पानात वाढला तो मुरंबा. गुळाच्या पाकात शिजलेल्या स्ट्रॉबेऱ्या, वर वेलदोड्याची पूड. पाहुणीनं बोटं चाटली आणि पुन्हा मागून घेतला.

"वन्सं, ही कुठली हो कृती?"

"आमची जुनी रीत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "राजांचे वेळेची. तुमचेकडं आतां कोणी करत नसतील."

पाहुणीनं आदरानं मान डोलावली. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. ठसका लागल्याचं सोंग करून मी स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग त्या तूप घ्यायला आल्या.

फळं शिजली होती नैवेद्याच्या आधी, म्हणजे चाखून बघायची सोयच नव्हती. मी हळूच विचारलं, "आंबट आहेत हे तुम्हांस कसं कळलं?"

त्यांनी एकदा बाहेर डोकावून पाहिलं.

"चाळीस वर्षं चाखतें आहे," त्या म्हणाल्या. "देवास आंबट घालूं काय?"