शाळेबद्दल डोरीन बोलत नाही

घर घ्यायला आलेलं जोडपं आधी छप्पर किती जुनं आहे ते विचारतं, मग तळघरात पाणी शिरतं का ते विचारतं, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणतं, "इथलं हायस्कूल कसं आहे हो?"

घरं विकण्याच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर डोरीन विशनेव्स्की बसते. या प्रश्नाला तिचं उत्तर गेली तीस वर्षं एकच आहे. चष्मा कपाळावर चढवून ती म्हणते, "ते मी नाही सांगणार. जाऊन बघा. आणि एकदाच नका जाऊ, दोनदा जा. एका दिवसावरून सून पारखू नये आणि शाळाही."

लोकांना वाटतं, ही बाई हातचं राखून बोलते. पण एजंटाने शाळेला चांगलं-वाईट म्हणू नये हा आमच्या धंद्याचा दंडक आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. एके काळी या भागात "तिथली शाळा चांगली आहे" म्हणजे "तिथे काळे लोक राहत नाहीत" एवढाच अर्थ असायचा, आणि तो सगळ्यांना न सांगता कळायचा. डोरीनने ते दिवस पाहिलेले आहेत. त्यामुळे आम्ही बाकीचे कायद्याच्या भीतीने तोंड मिटतो, तर ती मनापासून मिटते. कुणी फारच मागे लागलं तर म्हणते, "माझं लायसन्स गेलं की मला जेवायला घालणार आहात का? मला भूक फार लागते."

आमच्या गावात रिज रोड नावाचा एक साधा रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेची मुलं हॉलोवे हायस्कूलला जातात, पूर्वेची मिल क्रीकला. घरं दोन्हीकडे सारखीच, एकाच बिल्डरने एकाच दशकात बांधलेली. पण इंटरनेटवर हॉलोवेला दहापैकी नऊ गुण आहेत आणि मिल क्रीकला पाच. त्या चार गुणांपायी रस्त्याच्या पश्चिमेला माणूस एक खोली कमी घेतो आणि पैसे जास्त मोजतो. डोरीन स्वतः पूर्वेला राहते. तिची एकुलती मुलगी मेलिंडा मिल क्रीकलाच शिकली.

ही मेलिंडा पंधरा वर्षं फीनिक्सला होती. डोरीनचा नवरा एड वारला तेव्हा ती चार दिवस येऊन गेली, आणि त्यानंतर दर रविवारी फोन. या फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याला, गॅरेटला, इथे जवळच क्लीव्हलंडमध्ये नोकरी लागली आणि ते दोघं आणि तेरा वर्षांची टेस असे सामानासकट डोरीनच्या घरी येऊन उतरले. ऑगस्टमध्ये टेस नववीत जाणार होती, म्हणजे हायस्कूलला. त्याआधी घर घ्यायचं होतं. कुठे घ्यायचं, तर अर्थात शाळा बघून.

डोरीनने त्यांना आधी लिंडेल स्ट्रीटवरचं घर दाखवलं, रिज रोडच्या पूर्वेचं. त्या घराच्या मालकाने आपल्या आईसाठी तळमजल्यावर एक खोली काढली होती, बाथरूमसकट, दाराला उंबराही नाही. मेलिंडा त्या खोलीत उभी राहून म्हणाली, "मॉम, ही तुला होईल की. तुझ्या त्या गुडघ्याने तू तळघरात कपडे धुवायला किती दिवस उतरणार आहेस?"

"गरम पाणी यायला वेळ लागतो इथे," डोरीन म्हणाली.

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफी ओतून घेताना ती मला म्हणाली, "त्या खोलीत सकाळचं ऊन येतं." उन्हाचं कौतुक ती गिऱ्हाइकांपुढे करते, माझ्यापुढे कधी करत नाही.

मग पश्चिमेचं घर. हेही चांगलं होतं, पण अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं. दारातून आत गेलं की चार पायऱ्या वर नाहीतर चार पायऱ्या खाली. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायचं तरी पायऱ्या. खोल्या तीनच. चौथ्या माणसाला जागा नव्हती.

गॅरेट बिचारा सरळ माणूस. रात्रीच्या जेवणानंतर तो लॅपटॉप उघडून दोन्ही शाळांचे आकडे समोरासमोर मांडायचा: कॉलेजला किती जातात, गणितात किती पास होतात, एका शिक्षकामागे मुलं किती. "मॉरल सपोर्ट म्हणून तरी काहीतरी बोला, डोरीन," तो म्हणायचा.

"बशा पुसायला घे," डोरीन म्हणायची. "हा सपोर्ट."

मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही सगळे चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला गेलो. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मटण-चिकन चालत नाही, म्हणून तिथे तळलेले मासे, पिरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या, आणि कोबीचं सॅलड असतं, आणि रांग पार पार्किंगपर्यंत जाते. त्या रांगेत गावातलं सगळं कळतं. मेलिंडा घर बघतेय हे कळल्यावर तर विचारूच नका.

"हॉलोवे घे, डोळे मिटून घे," पुढच्या बाई म्हणाल्या. "माझी नात तिथे आहे. रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास करते पोर."

"मग झोपते कधी?" मागचे म्हातारे स्टॅन म्हणाले. "आमच्या मिल क्रीकला माझी तिन्ही पोरं शिकली. एक तर डेंटिस्ट झाला."

"तुझे दात बघून वाटत नाही, स्टॅन," डोरीन म्हणाली, आणि रांग हसली.

पिरोगीच्या थाळ्या घेऊन आम्ही बसलो. गॅरेट आणि टेस गोड घ्यायला गेले, तशी मेलिंडा आईकडे वळली. "मॉम, एजंट म्हणून नको सांगूस. आई म्हणून सांग. टेसला कुठे घालू?"

डोरीन कांदा बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "एजंटाचा स्वतःचा फायदा एखाद्या घरात असला तर तो आधी सांगावा लागतो. तर ऐक. मला ती खालची खोली हवी आहे. फार हवी आहे. आता मी मिल क्रीक म्हटलं तर ते मी बोलते की खोली बोलते, हे माझं मलाच कळायचं नाही. म्हणून मला विचारू नकोस."

"मीही एक सांगते मग," मेलिंडा म्हणाली. "दहावीचं अख्खं वर्ष मी मिल क्रीकला जिममागच्या जिन्यात बसून डबा खाल्ला. एकटी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू फोनवर असायचीस. लोकांना सांगायचीस, शाळा स्वतः जाऊन बघा. मला पाठ होतं ते. मी म्हणायचे, हिला कुणीतरी सांगा, तूही एकदा जाऊन बघ."

हे तिने चिडून म्हटलं नाही. कोबी खाताखाता म्हटलं. डोरीनने हातातला काटा खाली ठेवला, परत उचलला. टेस आणि गॅरेट ॲपल पाय घेऊन आले आणि विषय तिथेच राहिला.

आमच्याकडे आठवीच्या मुलांना हायस्कूलमध्ये एक दिवस पाहुणं म्हणून पाठवतात. तिथलं एक नववीचं मूल त्यांना आपल्याबरोबर वर्गावर्गांतून फिरवतं, जेवायलाही बरोबर नेतं. टेस सोमवारी मिल क्रीकला गेली, बुधवारी हॉलोवेला. बुधवारी संध्याकाळी डोरीनच्या स्वयंपाकघरात मीही होते, तिचं केकचं भांडं परत द्यायला गेले होते.

"गणित कुठलं बरं शिकवतात?" गॅरेटने विचारलं.

"सारखंच," टेस म्हणाली.

मेलिंडाने दुसरं काही विचारलं नाही. तिने विचारलं, "जेवायला कुठे बसलीस?"

"हॉलोवेला त्या प्रिया नावाच्या मुलीच्या टेबलावर. ते सगळे पत्ते खेळतात. मला पण पत्ते वाटले. मी जिंकले एकदा."

"आणि मिल क्रीकला?"

टेसने खांदे उडवले. "जिच्याबरोबर जायचं होतं ती मुलगी आजारी होती. ऑफिसमधल्या बाईंनी मला त्यांच्याजवळ बसवलं. छान होत्या. त्यांनी मला त्यांचं केळं दिलं."

मेलिंडाने गॅरेटकडे बघितलं. काय ठरलं ते मला कळलं आणि डोरीनलाही कळलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर ती एव्हाना बोलली असती: अहो, त्या दिवशी एक पोर तापाने घरी राहिली, त्यात शाळेचा काय दोष? पुढच्या आठवड्यात परत पाठवा. हे वाक्य तिने माझ्यादेखत कितीतरी लोकांना ऐकवलं आहे, आणि ते खरंच असतं. आता ती उठली, ओट्याशी गेली आणि पातेलं घासायला लागली. ते पातेलं आधीच घासलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी मेलिंडा एकटीच ऑफिसात आली. पश्चिमेच्या घराच्या ऑफरचे कागद डोरीनने तयार ठेवले होते. मेलिंडाने पेन घेतलं, पण सही केली नाही.

"मॉम, मी रात्रभर विचार करत होते. त्या दिवशी तू दोनदा जा का म्हणाली नाहीस?"

डोरीनने चष्मा कपाळावर चढवला. "मी त्या खोलीबद्दल सांगितलं होतं ना तुला."

"म्हणजे तुझा फायदा होता, म्हणून तू खरं बोलली नाहीस?"

"खोटंही नाही बोलले."

"समज, ती खोली हॉलोवेच्या घरात असती. मग म्हणाली असतीस?"

मी समोरच्या स्क्रीनकडे बघत होते, पण वाचत काही नव्हते.

"तेव्हा म्हणाले असते," डोरीन म्हणाली. "विचारही न करता म्हणाले असते. मिल क्रीकला अजून एक संधी द्या, म्हणाले असते, आणि केवढी मी न्यायी बाई, असं मनात वाटून घेतलं असतं."

"हे बरंय," मेलिंडा म्हणाली. "म्हणजे तुला चांगलं वाटावं म्हणून माझ्या मुलीला निम्मीच माहिती."

"हो," डोरीन म्हणाली. "बघितलं तर तसंच झालं ते." मग म्हणाली, "आणि तो जिना होताच ना डोक्यात. तू एकटी बसलेली. मी काय तोंडाने सांगू की ती शाळा परत बघ?"

मेलिंडाने पेन खाली ठेवलं. मग मेलिंडा म्हणाली, "तेव्हाची शाळा आता तशी नसेलही. मला ते कळतं. पण पाय वळत नाही तिकडे."

"मग ज्या पोरीला जायचंय तिला विचार. मी नाही विचारणार."

मेलिंडाने तिथूनच टेसला निरोप पाठवला: मिल क्रीकला अजून एक दिवस जाऊन बघायचंय का? शाळेच्या मधल्या सुट्टीत उत्तर आलं. मेलिंडाने ते वाचून फोन आईपुढे धरला. टेसने लिहिलं होतं, "नको. मी प्रियाला सांगितलंय मी येते."

"झालं तर," डोरीन म्हणाली. "आता आपण दोघी मिळून काय फिरवणार तिला." आणि सही कुठे कुठे करायची ते बोटाने दाखवायला लागली, जशी कुणालाही दाखवते.

लिंडेल स्ट्रीटचं घर महिन्याभरात दुसऱ्या एका एजंटाने विकलं. त्या खोलीत नव्या मालकांनी व्यायामाची सायकल ठेवली, असं डोरीननेच मला सांगितलं, आणि सांगताना एवढंच म्हणाली की पडदे मात्र बरे लावले आहेत.

मेलिंडाकडे ती आता रविवारी जेवायला जाते. मी एकदा तिला सोडायला गेले होते. दारातून आत जाऊन ती पहिल्या चार पायऱ्या चढली, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वर स्वयंपाकघरात टेस आणि तीन-चार मुली पत्त्यांचा गोंधळ घालत होत्या. गॅरेट खालून म्हणाला, "डोरीन, पायऱ्यांना दुसऱ्या बाजूने पण कठडा लावतोय या आठवड्यात."

"लाव," ती म्हणाली. "आणि वर एक खुर्ची ठेव. चढून आल्यावर माणसाला टेकायला लागतं."

टेसने वळून बघितलं, स्वतःची खुर्ची सोडली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी ओढत आणली. डोरीन त्यावर बसली, धाप ओसरू दिली आणि मग म्हणाली, "मला पण पत्ते वाटा."